वाचकांचे प्रश्न : गॅस्ट्रोपबमध्ये काय खावं, कधी खावं

ब्रिटनमध्ये शिकायला, नोकरीला किंवा मुलांकडे गेलेल्या वाचकांनी पबमधल्या जेवणाबद्दल पाठवलेले काही निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. गॅस्ट्रोपब म्हणजे बिअरइतकंच जेवणाकडेही लक्ष देणारा पब. तापमान सेल्सिअसमध्ये दिलं आहे. ओव्हन पंख्याचा असेल तर दिलेल्या आकड्यापेक्षा २० अंश कमी ठेवावं.

प्रश्न : घराजवळ दोन पब आहेत आणि दोघांच्याही पाटीवर ‘गॅस्ट्रोपब’ लिहिलंय. आत शिरण्याआधी कुठलं स्वयंपाकघर चांगलं हे कसं ओळखायचं? (रेडिंग)

पाटीवरून काही कळत नाही, मेन्यूवरून बरंच कळतं. हे नाव रूढ झालं ते लंडनच्या क्लार्कनवेल भागातल्या ‘द ईगल’मुळे. डेव्हिड एअर आणि माइक बेल्बेन यांनी १९९१ मध्ये तो पब चालवायला घेतला. मोठ्या ब्रुअरींना आपल्याकडचे बरेचसे पब मोकळे करायला लावणारे नियम १९८९ मध्ये आले होते, त्यामुळे असे पब नव्या माणसांच्या हाती येऊ लागले होते. ईगलमध्ये बारला लागूनच उघडं स्वयंपाकघर होतं. मेन्यू फळ्यावर खडूने लिहिलेला आणि सतत बदलणारा. ज्याला नुसती बिअर प्यायची असेल त्यालाही मज्जाव नव्हता. चांगला गॅस्ट्रोपब आजही याच खुणांवरून ओळखता येतो.

मुख्य पदार्थ सहा-सात असतील तर निर्धास्त बसा. चाळीस पदार्थ असतील आणि त्यांत करी, लझान्या, बर्गर, नाचोज असं सगळंच असेल, तर पबच्या छोट्या स्वयंपाकघरात ते सगळं ताजं होणं शक्य नाही. त्यातलं पुष्कळ फ्रीझरमधून येतं. मेन्यूत ऋतू दिसतो का, तेही पाहा. ब्रिटिश अ‍ॅस्परॅगस एप्रिलअखेरपासून जूनपर्यंतच मिळतं. फेझंट या रानपक्ष्याच्या शिकारीचा हंगाम इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी असतो. फळ्यावर एखादा पदार्थ खोडलेला दिसला तर हिरमुसू नका, तो बेताने रांधला होता म्हणून संपला. ‘चिप्स इथेच कापता का?’ असं काउंटरवर सहज विचारावं. जिथे कापतात तिथे उत्तर लगेच आणि अभिमानाने मिळतं.

स्वच्छतेचं ० ते ५ मधलं रेटिंग वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये दाराशी लावणं सक्तीचं आहे. इंग्लंडमध्ये ते ऐच्छिक आहे, पण फूड स्टँडर्ड्स एजन्सीच्या संकेतस्थळावर पाहता येतं. ते चवीबद्दल काहीच सांगत नाही, एवढं लक्षात ठेवा. आणि स्वयंपाकघराच्या वेळा आधी विचारा: पब रात्री अकरापर्यंत उघडा असला तरी जेवण साधारण दुपारी १२ ते अडीच-तीन आणि संध्याकाळी ६ ते ९ एवढंच मिळतं. रविवारी रात्री आणि सोमवारी स्वयंपाकघर बंद ठेवणारे पब पुष्कळ आहेत.

प्रश्न : रविवारी चार वाजता रोस्ट खायला गेलो. मांस कोरडं, बटाटे चिवट, आणि माणशी पंचवीस पौंड. आम्ही चुकीचं काही मागवलं का? (ब्रिस्टल)

पदार्थ बरोबर होता, वेळ चुकली. रविवारचा रोस्ट, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेलं मांस आणि त्याबरोबरचे बटाटे, बारा ते एकच्या सुमारास तयार व्हावा अशा बेताने ओव्हनमध्ये जातो. बीफ ५५ ते ६० अंशांवर आतून गुलाबी असताना बाहेर काढतात, थोडा वेळ मुरू देतात आणि मग कापतात. दोन-तीन तास ते गरम कपाटात राहिलं की गुलाबी रंग जाऊन करडा येतो आणि रस निघून जातो. पोर्कच्या कातड्याचं क्रॅकलिंग, म्हणजे कुरकुरीत भाजलेला थर, वाफ शोषून रबरासारखं होतं. बटाट्यांचंही तसंच, आतली वाफ हळूहळू बाहेरच्या कवचात उतरते आणि कवच चिवट होतं.

म्हणून टेबल १२ ते दीडच्या दरम्यानचं घ्या, आणि चांगल्या ठिकाणी ते आधीच राखून ठेवा. ‘बटाटे आणि यॉर्कशर पुडिंग दिवसभर थोडे थोडे करता की एकदाच?’ हा प्रश्न फोनवर विचारायला हरकत नाही. (यॉर्कशर पुडिंग गोड नसतं, ते रोस्टबरोबर खायचं अंडी-दूध-मैद्याचं पोकळ, फुगीर पुडिंग.) उशिराच जावं लागलं तर बीफ किंवा चिकन टाळा आणि संथ आचेवर शिजवलेलं काही घ्या: लॅम्ब शोल्डर, पोर्क बेली. त्यांत चरबी आणि मऊ झालेले स्नायुबंध भरपूर असतात, त्यामुळे ते तासभर जास्त थांबले तरी बिघडत नाहीत.

गुलाबी मांस आवडत नसेल तर सगळंच ‘वेल डन’ करून मागू नका. तुकड्याच्या टोकाचे काप मागा, ते आपोआप जास्त शिजलेले असतात. बीफबरोबर हॉर्सरॅडिश, पोर्कबरोबर सफरचंदाचा सॉस, लॅम्बबरोबर पुदिन्याचा, चिकनबरोबर ब्रेड सॉस अशी जुनी जोडी आहे आणि ती मोडण्याचं काही कारण आम्हाला दिसत नाही. ग्रेव्ही कमी पडली तर जरूर मागा. ती मागण्यात संकोच कसला!

प्रश्न : पबसारखे भाजलेले बटाटे घरी होत नाहीत. (कोव्हेंट्री)

बटाट्याची जात बघा. मॅरिस पायपर किंवा किंग एडवर्ड घ्या. शार्लटसारखा चिकट बटाटा कितीही भाजला तरी कुरकुरीत होत नाही. अंड्याएवढे तुकडे गार खारट पाण्यात टाकून उकळी आणा आणि उकळी आल्यावर ८ ते १० मिनिटं शिजवा. कडा भुसभुशीत झाल्या पाहिजेत. निथळून पाच मिनिटं वाफ जाऊ द्या, मग भांड्यावर झाकण ठेवून जोरात हलवा. कडांचा जो ओबडधोबड पिठूळ थर तयार होतो, तोच चरबी पिऊन खरपूस होतो. ओव्हन २०० अंशांवर, ट्रेमधली चरबी आधीच कढत झालेली, बटाट्यांमध्ये बोटभर अंतर. ४५ ते ६० मिनिटं, मधे दोनदा उलटवा. ट्रे गच्च भरला तर बटाटे भाजले न जाता वाफेवर शिजतात. बहुतेक घरांत चूक होते ती इथेच.

प्रश्न : यॉर्कशर पुडिंग ओव्हनमध्ये सुंदर फुगतं आणि बाहेर काढलं की मिनिटात बसतं. कधी कधी फुगतच नाही. बेकिंग पावडर घालावी का? (शेफील्ड)

मुळीच घालू नका. हे पुडिंग फुगतं ते वाफेवर. कढत चरबीला मिश्रण लागताक्षणी बाहेरची कड घट्ट होते. आतलं पाणी वाफ होऊन मिश्रणाला वर ढकलतं. अंड्यातली प्रथिनं आणि मैद्यातलं ग्लुटेन ती भिंत धरून ठेवतात. भिंत पक्की होण्याआधी आतली वाफ निवली की पुडिंग बसतं. बेकिंग पावडर किंवा सेल्फ-रेझिंग (बेकिंग पावडर मिसळलेला) मैदा घातला तर मिश्रणभर बारीक बुडबुडे होतात, आत केकसारखी जाळी पडते आणि मधली पोकळी होत नाही. साधा मैदा वापरा.

मापाची सोपी रीत अशी: अंडी मापाच्या भांड्यात फोडा, ती कुठवर आली ते बघा, तेवढंच दूध आणि तेवढाच मैदा घ्या. वजनात सांगायचं तर ४ मोठी अंडी, २०० मिलिलिटर दूध, १४० ग्रॅम मैदा, पाव चमचा मीठ. बारा कप्प्यांच्या ट्रेला हे पुरतं. मैद्यात आधी फक्त अंडी घालून गुठळ्या मोडेपर्यंत फेटा आणि मगच दूध थोडं थोडं सोडा. सगळं एकदम ओतलं की गुठळ्या राहतात आणि त्या मोडण्यासाठी मग फार फेटावं लागतं. मिश्रण पातळ सायीइतकं ओघवतं हवं. किमान अर्धा तास झाकून ठेवा, म्हणजे मैदा पाणी पिऊन फुगतो. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं तरी चालतं, मात्र तासभर आधी बाहेर काढा.

आता चरबी. पारंपरिक चव हवी तर बीफ ड्रिपिंग, म्हणजे गोमांसाची वितळवलेली चरबी. ती चालत नसेल तर सूर्यफुलाचं किंवा रेपसीडचं तेल. लोणी आणि एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल एवढ्या धगीला जळतं. दर कप्प्यात एक छोटा चमचा तेल घाला आणि ट्रे २३० अंशांवर १० ते १२ मिनिटं तापवा. तेलावर हलकासा धूर दिसला पाहिजे. मिश्रण चोच असलेल्या भांड्यातून भरभर ओता, कप्पा निम्म्यापेक्षा जास्त भरू नका. ओतताना चर्र आवाज आला नाही तर तेल पुरेसं तापलेलं नाही, ट्रे परत आत ठेवा. ओतताना ओव्हनचं दार बंद असू द्या, आतली धग जाता कामा नये. ट्रे धातूचाच घ्या, सिलिकॉनचा साचा लवकर तापत नाही.

एकूण २० ते २५ मिनिटं लागतात. पहिली २० मिनिटं दार उघडायचं नाही, फटीतून डोकावायचंही नाही. तुमचं पुडिंग बाहेर आल्यावर बसतं याचं कारण बहुधा हे, की सोनेरी रंग दिसताच तुम्ही ते काढता. रंग गडद तपकिरी होऊ द्या, आणखी ३-४ मिनिटं थांबा, आणि काढल्यावर प्रत्येकाच्या बुडाला सळईने टोचा. आतली वाफ निघून गेली की कवच मऊ पडत नाही. मांस ओव्हनमधून काढल्यावर जो अर्धा तास मुरत ठेवायचं असतं, तोच या पुडिंगचा अर्धा तास.

रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने २००८ मध्ये जाहीर केलं होतं, की चार इंचांपेक्षा बुटकं ते यॉर्कशर पुडिंगच नव्हे. घरच्या ट्रेमध्ये तीन इंच आलं तरी ग्रेव्ही साठायला पुरेशी जागा होते.

प्रश्न : आम्ही दोघं शाकाहारी. शिवाय घरी येणारे काही पाहुणे मांस खातात, पण बीफ खात नाहीत. मेन्यूवर ‘व्ही’ असलेलं डोळे मिटून मागवावं का? (लेस्टर)

‘व्ही’वर साधारणपणे विश्वास ठेवता येतो. अडचण आहे ती ज्या गोष्टी मेन्यूवर लिहिल्याच जात नाहीत त्यांची. ब्रिटिश स्वयंपाकात बीफ अनेकदा चरबीच्या रूपात असतं. यॉर्कशायरमध्ये आणि उत्तरेकडे चिप्स आणि मासे बीफ ड्रिपिंगमध्ये तळण्याची पद्धत अजून टिकून आहे. स्टीक अँड किडनी पुडिंगची पारी आणि स्पॉटेड डिकसारखी वाफवलेली गोड पुडिंगं सुएट घालून करतात. सुएट म्हणजे जनावराच्या मूत्रपिंडाभोवतीची कडक चरबी. गोड पदार्थात बीफ असेल अशी शंकाही येत नाही. शाकाहारी सुएट मिळतं आणि पुष्कळ स्वयंपाकघरं आता तेच वापरतात, तरी विचारायला हवं. चिकन रोस्टवरची ग्रेव्ही कित्येकदा सगळ्या रोस्टसाठी एकच असते आणि ती बीफच्या स्टॉकवर केलेली असू शकते.

वूस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात, आणि वेल्श रेअरबिट या चीज टोस्टमध्ये तो सॉस हमखास पडतो. प्लाउमन्स लंच म्हणजे चेडरचा जाड तुकडा, पाव, लोणी, लोणच्यातले कांदे आणि काळपट आंबटगोड पिकल. हे शाकाहारी वाटतं, पण चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या विरजणासारख्या घटकाने, लावलेलं असू शकतं. तळणीचं तेल मासे आणि चिप्सना एकच असेल तर तशी तळटीप बारीक अक्षरात असते, ती वाचा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. पबकडे अ‍ॅलर्जीची माहिती असणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि ती १४ घटकांची असते: ग्लुटेन, दूध, अंडी, मासे, सेलरी, मोहरी, शेंगदाणे वगैरे. या यादीत बीफ, पोर्क किंवा जिलेटिन नाही. म्हणजे अ‍ॅलर्जीचा तक्ता बघून वूस्टरशर सॉसमधला मासा सापडेल, ड्रिपिंग सापडणार नाही. बिअर निवळवायला वापरतात ते आयझिंगग्लास, म्हणजे माशाच्या पोटातल्या वायुपिशवीपासून केलेला पदार्थ, तोही या नियमातून वगळलेला आहे. पिंपातल्या पारंपरिक एल या बिअरमध्ये तो बऱ्याचदा असतो. गिनेसने त्याचा वापर बंद केला आहे. हे सगळं तोंडाने विचारल्याशिवाय कळत नाही. ‘हे शाकाहारी आहे का?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘कशात तळता? ग्रेव्ही कशाची? पुडिंगात सुएट आहे का?’ असे नेमके प्रश्न विचारा, आणि गर्दीच्या वेळी नव्हे, टेबल राखून ठेवतानाच.

काय मागवावं? होमिटी पाय (‘पाय’ म्हणजे पारीचा किंवा बटाट्याचा थर देऊन भाजलेलं सारण; यात बटाटा, कांद्याच्या जातीची लीक ही भाजी आणि चीज), ग्लॅमॉर्गन सॉसेज (नावात सॉसेज असलं तरी वेल्समधला केअरफिली चीज आणि लीकचा पदार्थ), कॉलिफ्लॉवर चीज, नट रोस्ट. चांगल्या स्वयंपाकघरातला मशरूम अँड एल पाय मांसाच्या पायइतकाच पोटभरीचा असतो. बीफ न खाणाऱ्यांना चिकन अँड लीक पाय, लॅम्बचा शेफर्ड्स पाय किंवा मासे. कॉटेज पाय दिसायला शेफर्ड्स पायसारखाच, पण त्यात बीफ असतं.

प्रश्न : पाय मागवला तर वाडग्यात रस्सा आणि वर पफ पेस्ट्रीची टोपी आली. हा पाय म्हणायचा का? घरी करायला गेलो तर बुडाची पारी ओलीच राहते. (नॉटिंगहॅम)

या टोपीवरून ब्रिटनमध्ये गंभीरपणे वाद होतात. आमच्या मते चारही बाजूंनी आणि बुडाशी पारी असेल तोच पाय. रस्सा मुरलेली खालची पारी हाच त्यातला सर्वांत चविष्ट भाग. मागवण्याआधी ‘फुल पेस्ट्री’ आहे का, ते विचारून घ्या.

घरी करायचा तर आदल्या दिवशी सारण करा. त्यात सोय तर आहेच, पण नेमकी पारीच त्यावर अवलंबून आहे. सारण गरम असेल तर पारीतलं लोणी ओव्हनमध्ये जाण्याआधीच वितळतं आणि पारी पीठगोळ्यासारखी राहते. १ किलो बीफ शिन किंवा लॅम्ब शोल्डर मोठ्या तुकड्यांत कापा, मीठ आणि २ मोठे चमचे मैदा चोळून थोडे थोडे खरपूस परता. एकदम सगळे टाकले तर पाणी सुटतं आणि रंग येत नाही. २ कांदे, ५०० मिलिलिटर एल, ३०० मिलिलिटर स्टॉक, थाइम, तमालपत्र घालून झाकणाच्या भांड्यात १६० अंशांवर अडीच ते तीन तास. एल निवडताना जास्त हॉप्सची (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आयपीए ही एल घेऊ नका. रस्सा आटतो तसा तिचा कडवटपणाही दाट होत जातो आणि साखर घालूनही जात नाही. ब्राउन एल, माइल्ड किंवा पोर्टर अशी कमी कडवट एल घ्या. शेवटी रस्सा चमच्याला लपेटून राहील इतका आळलेला हवा. पातळ असेल तर मांस बाजूला काढून नुसता रस्सा आटवा.

पारीला मैदा आणि लोणी २ : १. पारी लाटून साच्यात घातल्यावर अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. साचा सिरॅमिकऐवजी धातूचा घ्या आणि तो आधीपासून ओव्हनमध्ये तापत असलेल्या जाड ट्रेवर ठेवा, म्हणजे खालून लगेच धग लागते. वरच्या पारीला वाफेसाठी भोक पाडायला विसरू नका, नाहीतर रस्सा कडेने उतू जातो. २०० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं. काढल्यावर दहा मिनिटं थांबून कापा.

प्रश्न : पबमधली ‘रिअल एल’ कोमट आणि बिनबुडबुड्याची का लागते? शिळी असते का? (यॉर्क)

ताजी एल तशीच असते. ती पिंपात अजून आंबत असते आणि तळघरात ११ ते १३ अंशांवर ठेवतात. लागर या थंड प्यायच्या बिअरसारखी थंडगार केली तर माल्टचा आणि हॉप्सचा वास दबतो. गॅसही तिचा स्वतःचा, त्यामुळे बुडबुडे मऊ. ही पद्धत मागे पडत चालली होती तेव्हा १९७१ मध्ये ‘कॅमरा’ ही ग्राहकांची चळवळ उभी राहिली, आणि पिंपातली एल ओढून काढणारे हँडपंप आज दिसतात त्यात तिचा मोठा वाटा आहे.

पिंप उघडल्यावर मात्र हवा आत जाते आणि साधारण तीन दिवसांत एल उतरू लागते. म्हणून दहा हँडपंप असलेल्या रिकाम्या पबपेक्षा तीनच असलेल्या गजबजलेल्या पबमध्ये ती चांगली मिळते. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ग्लास अर्धा पिण्याआधी काउंटरवर परत न्या. चांगला पब वाद न घालता बदलून देतो. घेण्याआधी घोटभर चव मागता येते, तीही फुकट. पिंट म्हणजे ५६८ मिलिलिटर, हाफ त्याच्या निम्मं. पायबरोबर बिटर किंवा पोर्टर, माशाबरोबर फिकी गोल्डन एल, प्लाउमन्स लंचबरोबर कोरडी सायडर. गाडी चालवायची असेल तर अजिबात पिऊ नका. स्कॉटलंडमधली मर्यादा इंग्लंडपेक्षा आणखी कमी आहे.

प्रश्न : आई-बाबा येणार आहेत, ते पीत नाहीत. बरोबर दहा वर्षांची मुलगीही असेल. पबमध्ये गेलेलं चालतं का? टिप किती द्यायची? (मिल्टन कीन्स)

अवश्य न्या. न पिणाऱ्यांकडे कोणी वळूनही पाहत नाही. १६ वर्षांखालच्या मुलांबरोबर मोठं माणूस हवं, आणि काही पब रात्री ठरावीक वेळेनंतर मुलांना थांबू देत नाहीत. आई-बाबांसाठी एक सावधगिरी: ब्रिटनमधली सायडर म्हणजे सफरचंदाचा रस नव्हे, ती दारूच आहे. शँडीतही बिअर असते आणि ‘अल्कोहोल-फ्री’ बिअरमध्ये ०.५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असू शकतं. जिंजर बिअर किंवा एल्डरफ्लॉवर सरबत मागवा, फक्त जिंजर बिअर बिनदारूची आहे ना ते विचारून घ्या. एल पाय, बिअरच्या आवरणातला मासा आणि शेरी ट्रायफल यांतही दारू वापरलेली असते.

बऱ्याच पबमध्ये टेबलाचा नंबर लक्षात ठेवून काउंटरवर जेवण सांगायचं आणि तिथेच पैसे द्यायचे. तिथे टिप अपेक्षित नसते. टेबलावर वाढत असतील तर बिलात १० ते १२.५ टक्के सेवाशुल्क बहुधा लावलेलं असतं. ते ऐच्छिक असेल तर काढायला सांगता येतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार ही रक्कम पूर्णपणे कर्मचाऱ्यांना द्यावी लागते.

प्रश्न : बिअरच्या पिठात तळलेल्या माशाचं आवरण गळून पडतं. (अ‍ॅबरडीन)

मासा ओला होता. हॅडक किंवा कॉडचा तुकडा कागदाने कोरडा करा, मीठ लावून दहा मिनिटांनी पुन्हा टिपा आणि कोरड्या मैद्यात घोळवूनच पिठात बुडवा. २०० ग्रॅम मैद्याला सुमारे २५० मिलिलिटर फ्रिजमधली बिअर. ती शेवटच्या क्षणी घाला आणि पीठ घोटू नका, नाहीतर बुडबुडे जातात. तेल १८० अंशांवर हवं. तुकडा टोकाला धरून काही सेकंद तेलात तरंगता ठेवा आणि मग सोडा, म्हणजे तो जाळीला चिकटत नाही. एका वेळी दोनच तुकडे, ६ ते ८ मिनिटं.

प्रश्न : स्टिकी टॉफी पुडिंग घरी कोरडं होतं आणि सॉस रवाळ. (केंडल)

तुमच्याच भागातलं हे पुडिंग. अल्सवॉटर तलावाकाठच्या शॅरो बे हॉटेलने ते १९७०च्या दशकात नावारूपाला आणलं. मऊपणा खजुरातून येतो, म्हणून खजुरावर घाई करू नका. २०० ग्रॅम बिया काढलेला खजूर चिरून त्यावर २०० मिलिलिटर उकळतं पाणी ओता, एक छोटा चमचा खाण्याचा सोडा घाला आणि वीस मिनिटांनी काट्याने ठेचा. सोड्यामुळे साल विरघळते आणि रंगही गडद होतो. ८० ग्रॅम लोणी आणि १५० ग्रॅम डार्क मस्कोवाडो साखर घोटा, २ अंडी एकेक करून घाला, मग १७५ ग्रॅम सेल्फ-रेझिंग मैदा आणि शेवटी खजूर पाण्यासकट. मिश्रण फार पातळ दिसेल, घाबरून मैदा वाढवू नका. कोरडेपणा बहुधा तिथूनच येतो.

१८० अंशांवर ३० ते ३५ मिनिटं. सळईला थोडा ओलसर चुरा लागत असतानाच काढा. सॉससाठी १७५ ग्रॅम तीच साखर, ७५ ग्रॅम लोणी आणि अर्धीच डबल क्रीम मंद आचेवर ठेवा. साखर पूर्ण विरघळल्याशिवाय उकळी येऊ देऊ नका. भांड्याच्या कडेला राहिलेले कणच पुढे सॉस रवाळ करतात. मग उरलेली क्रीम घालून दोन-तीन मिनिटं उकळा. क्रीम एकूण २५० मिलिलिटर. पुडिंगला सळईने भोकं पाडून एक तृतीयांश सॉस ओता आणि पाच मिनिटं परत ओव्हनमध्ये ठेवा. उरलेला सॉस वाढताना वरून घाला. दुसऱ्या दिवशी खायचं असेल तर ट्रेला फॉइल लावून १६० अंशांवर १५ मिनिटं गरम करा आणि सॉस वेगळा तापवा. आटून घट्ट झाला असेल तर चमचाभर दूध पुरे.